मंगाची उसनी रेषा

मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, इतिहास सांगायला कुणी बसलं की गोष्ट बहुतेक वेळा क्योतोच्या कोझान-जी मठापासून सुरू होते. बाराव्या-तेराव्या शतकातल्या चित्रांच्या गुंडाळ्या, त्यांत माणसांसारखे कुस्ती खेळणारे ससे आणि बेडूक. तिथून उडी थेट होकुसाई या चित्रकारावर. त्याच्या रेखाटनांच्या वह्या १८१४ पासून ‘मंगा’ या नावाने छापल्या जाऊ लागल्या. मग आणखी एक उडी, की आपण आजच्या टोकियोतल्या पुस्तकांच्या दुकानात. आठशे वर्षांची अखंड परंपरा आणि तिच्यात परका माणूस एकही नाही.

ही वंशावळ मला खटकते. ती चुकीची आहे हे एक कारण. दुसरं कारण माझ्या मनाला जास्त लागतं: या गोष्टीतला जो भाग खरोखर थक्क करणारा आहे, तोच ती झाकून टाकते.

कोझान-जीच्या गुंडाळ्या अप्रतिम आहेत. पण त्यांत चौकटी नाहीत, बोलण्याचे फुगे नाहीत. होकुसाईच्या वह्यांत गोष्टच नाही. लाटा, पक्षी, आंघोळ करणारी माणसं, भुतं असं जे डोळ्यांना दिसलं आणि मनात आलं ते पानापानावर उतरवलेलं आहे, आणि शिकाऊ चित्रकार ते समोर ठेवून हात बसवत. ‘मंगा’ हे नाव त्या वह्यांवर आहे हे खरं. पण नावासारखं नाव असलं म्हणून घराणं एक होत नाही.

आज आपण ज्याला मंगा म्हणतो, तिचा माग काढत मागे गेलं की वाट योकोहामाच्या बंदरात उतरते. राकुतेन किताझावा नावाचा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका इंग्रजी साप्ताहिकात कामाला होता. पाश्चात्त्य पद्धतीचं व्यंगचित्र त्याने तिथे फ्रँक नॅनकिव्हेल या ऑस्ट्रेलियन चित्रकाराच्या हाताखाली शिकून घेतलं. नॅनकिव्हेल पुढे न्यूयॉर्कच्या ‘पक’ या गाजलेल्या विनोदी साप्ताहिकात गेला. किताझावाने १९०५ मध्ये स्वतःचं मासिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘टोकियो पक’. कुठून घेतलं ते त्याने लपवलं नाही, थेट मुखपृष्ठावर छापलं. ‘मंगा’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ करण्यातही याच माणसाचा मोठा वाटा आहे.

पुढचं वळण १९२३ सालचं. आदल्या वर्षी इप्पेई ओकामोतो हा व्यंगचित्रकार अमेरिकेत जाऊन आला होता आणि तिथल्या वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांनी भारावून गेला होता. १९२३ मध्ये ‘असाही ग्राफ’ या जपानी नियतकालिकात जॉर्ज मॅकमॅनसची ‘ब्रिंगिंग अप फादर’ ही अमेरिकन चित्रमालिका जपानीत छापून येऊ लागली. नवश्रीमंत झालेला जिग्ज आणि त्याची बायको मॅगी. जिग्जला जुन्या मित्रांबरोबर गुत्त्यात बसायचं असतं, मॅगीला उच्चभ्रूंत मिरवायचं असतं, आणि शेवटच्या चौकटीत बहुधा लाटणं किंवा बशी जिग्जच्या टाळक्याच्या दिशेने उडते. टोकियोच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागलं नाही. लाटणं कुठल्याही देशात सारखंच लागतं. त्याच वर्षी युताका आसोने ‘होची शिंबुन’मध्ये ‘नोन्की ना तोसान’, म्हणजे ‘निवांत बाबा’, सुरू केली. मॅकमॅनसचा साचा तिच्यात उघड दिसतो, बाबा मात्र पक्का जपानी.

या मालिकांतला बोलण्याचा फुगा आपल्याला आज इतका सवयीचा आहे की त्यात काही विशेष असेल असं वाटतच नाही. जरा थांबून पाहा. त्याआधीच्या जपानी चित्रकथांत मजकूर चित्राच्या बाजूला किंवा खाली असे. वाचक आधी चित्र पाही, मग मजकूर वाची, मग मनात दोन्ही जोडी. फुग्याने आवाज चित्राच्या पोटात घातला. माणूस बोलतोय ते त्याच क्षणी, त्याच्याच तोंडून, डोळ्यांना ऐकू येऊ लागलं. त्याच्या जोडीला धावण्याच्या रेषा आल्या, डोक्यावर आपटल्यावर उडणारे तारे आले, घामाचे थेंब आले. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड औटकॉल्टने ऑक्टोबर १८९६ मध्ये आपल्या पिवळ्या झग्यातल्या पोराला आणि त्याच्या फोनोग्राफला फुग्यांतून बोलतं केलं, आणि हे सगळं तिथे पुढच्या काही वर्षांत रुळलं. जपानमध्ये ते १९२३ च्या सुमाराला घट्ट रुजलं. आज कुठलंही मंगाचं पान उघडा, ते याच व्याकरणात बोलतं. गुंडाळीतल्या सशा-बेडकांना हे व्याकरण माहीत नव्हतं.

मग कार्टूनपट आले. फेलिक्स नावाचं काळं मांजर, पाठोपाठ मिकी, पाठोपाठ बेटी बूप. सुइहो तागावाचा ‘नोराकुरो’ १९३१ मध्ये ‘शोनेन क्लब’ या मुलांच्या मासिकात अवतरला: काळं अंग, पांढरं तोंड, सैन्यात भरती झालेलं भटकं कुत्रं. फेलिक्सशी त्याचं साम्य लहान मुलालाही ओळखू येईल. दहा वर्षं तो मासिकात राहिला, साध्या शिपायापासून बढत्या घेत वर चढत गेला. इकडे वाचणारी पोरं मोठी होत होती आणि खऱ्या सैन्यात जात होती.

हे प्रेम सरळ नव्हतंच. १९३४ च्या एका जपानी कार्टूनपटात मिकीसारखे दिसणारे उंदीर वटवाघळांवर स्वार होऊन एका बेटावर हल्ला करतात. बेटावरची मंडळी मदतीला हाका मारतात, गोष्टीच्या पुस्तकातून मोमोतारो आणि बाकीचे जपानी लोककथांचे नायक बाहेर पडतात, आणि शेवटी मिकी म्हातारा होऊन पांढऱ्या दाढीनिशी हरतो. गंमत अशी की ज्या बेटाला वाचवायचं, तिथलं मांजर फेलिक्सच्या वळणावर काढलंय, आणि चित्रपट हलतो-नाचतो तोही अमेरिकन कार्टूनसारखाच. शत्रूला हरवायचं तेही शत्रूच्याच रेषेने. द्वेष होता, भीती होती, आणि हात मात्र त्याच वळणाने चालत होता.

आता मंगा चित्रकार ओसामू तेझुका. जन्म १९२८, बालपण ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावात. वडिलांना सिनेमाचं वेड आणि घरात पाथे-बेबी प्रोजेक्टर. साडेनऊ मिलिमीटरची अरुंद फिल्म, दोन चित्रांच्या मधोमध एक भोक, आणि हाताने फिरवायचं हँडल. फेलिक्स, मिकी, चॅप्लिन असे सगळे त्याच्या घरातल्या भिंतीवर येऊन गेले. मला त्या हँडलचं फार महत्त्व वाटतं. थिएटरात सिनेमा आपल्याला ओढत नेतो. हाताने फिरवायच्या यंत्रात मिकी कसा पळतो ते कळतं, कारण वेग आपल्या मुठीत असतो. तीच रिळं पुन्हा पुन्हा पाहायची. अशाने नुसता प्रेक्षक तयार होत नाही, कारागीर तयार होतो.

मिकी काढून पाहिलाय कधी? डोकं म्हणजे एक वर्तुळ. कान दोन वर्तुळं, आणि तोंड कुठेही वळवा, दोन्ही कान गोलच दिसतात. शरीर नासपतीसारखं, हातपाय रबरी नळ्यांसारखे, त्यांना ना कोपर ना गुडघा. हे शरीर मुद्दाम असं केलं होतं. एका कार्टूनपटाला हजारो चित्रं लागत आणि ती अनेक हातांनी काढायची असत. वर्तुळ कुणीही काढलं तरी सारखंच येतं. तेझुकाच्या अ‍ॅस्ट्रो बॉय या यंत्रमानव पोराच्या डोक्यावरची केसांची दोन टोकं आठवा. तो समोर पाहो की बाजूला, ती दोन्ही दिसतातच. हा धडा सरळ मिकीच्या कानांतून आलेला आहे.

या रबरी शरीराचा दुसरा गुण असा की ते मरत नाही. फेलिक्सची शेपटी निघते, तिचं प्रश्नचिन्ह होतं, पुन्हा चिकटते. कड्यावरून पडा, हातोड्याखाली चपटे व्हा, पुढच्या क्षणी फुगून उभे. यातनेचं तिथे नावही नाही.

आणि हे शरीर ज्याच्या हातात बसलं होतं, तो मुलगा १९४५ मध्ये ओसाकात होता. शाळकरी मुलांना युद्धाच्या कारखान्यांत कामाला लावलं होतं, त्यांत तोही होता. जूनमधल्या बॉम्बहल्ल्यातून तो जेमतेम वाचला. त्याच वर्षी त्याने एक चित्रकथा काढली, ‘विजयाच्या दिवसापर्यंत’ अशा अर्थाच्या नावाची. तेव्हा ती छापली गेली नाही. तिच्यात जपानी चित्रकथांतली ओळखीची पात्रं आहेत आणि अमेरिकेकडून मिकी आहे. मिकी लढाऊ विमानात बसलाय आणि खाली पळणाऱ्या पोरावर गोळ्या झाडतोय. पोरगा त्याच गोल, मऊ, रबरी रेषेने काढलेला. नियमाप्रमाणे त्याला काही व्हायला नको. पण गोळी लागते आणि त्याला रक्त येतं.

एइजी ओत्सुका या जपानी समीक्षकाने या पानावर बोट ठेवलं. आधुनिक मंगाची सुरुवात शोधायची तर ती इथे, अमेरिकन कार्टूनमधलं न मरणारं शरीर घेऊन त्याला मरण दिलं त्या क्षणात, असा त्याचा युक्तिवाद आहे. मला तो पूर्ण पटतो. उसनवारी आणि निर्मिती यांतला फरक इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं पान माझ्या पाहण्यात नाही. रेषा मिकीची आहे. रक्त ओसाकाचं आहे. ज्याने बालपणी घरच्या भिंतीवर मिकीला नाचवलं, त्यानेच सोळाव्या वर्षी त्याला विमानात बसवलं, कारण आकाशातून मरण टाकणारे लोक तोच मिकी बनवणारे लोक होते. या पोराने काय गिळलं असेल आणि काय सोडवेना झालं असेल, याचा विचार करताना मला दरवेळी गलबलून येतं. आणि आपण त्याची गोष्ट काय सांगतो? बाराव्या शतकातले बेडूक!

सात वर्षांनी, १९५२ मध्ये, हाच प्रश्न अ‍ॅस्ट्रो बॉयच्या रूपाने परत आला. डॉक्टर तेनमा यांचा मुलगा अपघातात मरतो. ते त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव बनवतात, त्याच्यावर जीव लावतात, आणि मग लक्षात येतं की हा वाढत नाही. कितीही वर्षं गेली तरी तेवढाच राहणार. ते रागावतात आणि पोराला सर्कशीला विकून टाकतात. कार्टूनमधलं पात्र कधी मोठं होत नाही, मिकी आजही तेवढाच आहे, आणि यात कुणाला काही वाईट वाटत नाही. तेझुकाला वाटलं. न वाढणाऱ्या पोराच्या वाट्याला काय येत असेल हे त्याने विचारलं आणि त्या प्रश्नातून पन्नास-साठ वर्षांच्या जपानी चित्रकथेला पुरेल एवढं दुःख बाहेर काढलं. हे डिस्नेकडे नव्हतं, आणि जपानच्या जुन्या गुंडाळ्यांतही नव्हतं.

दुसऱ्या बाजूची मंडळीही मला ठाऊक आहेत. ‘बघा, सगळं अमेरिकेचंच, जपान्यांनी फक्त नक्कल केली,’ असं म्हणणारी. मंगातले मोठे डोळे म्हणजे बेटी बूप आणि बांबीचे डोळे, एवढं सांगून ती मोकळी होतात. तेझुकावर त्या डोळ्यांचा परिणाम होता यात शंका नाही. पण तो ज्या गावात वाढला तिथे १९१४ पासून फक्त मुलींची ताकाराझुका नाटकमंडळी होती, डोळे ठळक करून रंगवणारी. आणि जुनइची नाकाहारासारखे चित्रकार मुलींच्या मासिकांत युद्धाआधीपासूनच टपोऱ्या, ओल्या डोळ्यांच्या मुली काढत होते. माणसाच्या हातात चार दिशांनी पाणी येतं. त्यातला एकच ओढा दाखवून उगम सापडला म्हणणं हाही आळसच.

युद्धानंतर तर अमेरिका घराघरात आली. १९४९ च्या जानेवारीपासून ‘असाही’ या वर्तमानपत्राच्या सकाळच्या अंकात ‘ब्लाँडी’ ही अमेरिकन चित्रमालिका येऊ लागली. जपान भुकेला होता, आणि ब्लाँडीचा नवरा मध्यरात्री फ्रिज उघडून वीतभर उंचीचं सँडविच रचत होता. वाचकांनी फ्रिज पाहिला, व्हॅक्यूम क्लीनर पाहिला, विनोद नंतर. १९५१ मध्ये ती जागा माचिको हासेगावाच्या ‘साझाए-सान’ने घेतली. ही मालिका १९४६ मध्ये फुकुओकाच्या एका स्थानिक वर्तमानपत्रात सुरू झाली होती. घरातली बाई, तिच्या फजित्या, चार चौकटी. घाट ओळखीचा, पण साझाएच्या दारात रेशनची चणचण होती, आणि एका छपराखाली आई-वडील, नवरा, भावंडं असं भरलेलं घर होतं. आयात मालाच्या शेजारीच घरचं शिजत होतं.

मला जे म्हणायचंय ते असं. प्रभाव लपवला की कलावंताचं मोठेपण वाढत नाही, ते दिसेनासं होतं. दादासाहेब फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी मूकपट पाहत बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर श्रीकृष्ण उभा राहिला, ही हकीकत आपण मराठी माणसं अभिमानाने सांगतो. तिथे कुणाची मान खाली जात नाही. जायचं कारणही नाही. तरीही ‘आमच्याकडे सगळं आधीपासूनच होतं’ हे वाक्य आपल्याही तोंडी किती सहज येतं! जपानी माणसाच्या तोंडी ते आलं की मला ओळखीचं वाटतं, म्हणूनच जास्त खुपतं.

आणि ऋण मान्य करायचं तर पूर्ण मान्य करावं, त्यातली घाणही. अमेरिकन कार्टूनमधली जाड ओठांची, गोल डोळ्यांची काळी माणसं ही तिथल्या वंशद्वेषी नाटकी सोंगांतून आली होती. वर्तुळांबरोबर तीही जपानमध्ये आली. १९३३ पासून चाललेल्या ‘बोकेन दानकिची’त एक जपानी मुलगा दक्षिणेतल्या बेटाचा राजा होतो आणि तिथल्या माणसांच्या छातीवर ओळखायला आकडे लिहितो. तेझुकाच्या ‘जंगल तायतेई’ या सिंहाच्या छाव्याच्या गोष्टीतही आफ्रिकेची माणसं त्याच साच्यातली आहेत. १९९० च्या सुमाराला जपानमध्येच याविरुद्ध आवाज उठला. आज तेझुकाच्या पुस्तकांच्या शेवटी प्रकाशकांचा खुलासा असतो. जो माणूस शरीराला मरण देण्याइतका खोल गेला, त्याने हे चेहरे मात्र जसेच्या तसे उचलले. वंशावळ शुद्ध आहे असं मानलं तर ही चित्रं कुठून आली हे कुणी विचारणारच नाही.

उचलण्याबद्दल आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे, कारण ती आजच्या कायद्याशी भिडते. तेझुकाने ‘बांबी’ ऐंशीहून अधिक वेळा पाहिला असं सांगितलं जातं. १९५२ मध्ये त्याने बांबी आणि पिनोकियो या दोन्ही डिस्नेपटांच्या मंगा काढल्या, त्या वेळी डिस्नेची परवानगी नसताना. त्याने नुसतं पाहिलं नाही. एकेक हालचाल कागदावर उतरवून हातात मुरवली. आज एखाद्या विशीतल्या पोराने हे केलं तर पुस्तक बाजारात येण्याआधी वकिलाची नोटीस येईल. आणि ज्या डिस्नेचं नाव या बाबतीत सगळ्यांत आधी घेतलं जातं, त्याने तरी काय केलं होतं? बांबी ऑस्ट्रियाच्या फेलिक्स झाल्टेनचा, पिनोकियो इटलीच्या कोल्लोदीचा, हिमगौरी ग्रिम बंधूंनी गोळा केलेली. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने हक्कांची मुदत आणखी वीस वर्षांनी वाढली, आणि मिकीचा पहिला बोलपट, १९२८ चा, सर्वांसाठी खुला व्हायला १ जानेवारी २०२४ उजाडावं लागलं. पंचाण्णव वर्षं! चित्रकाराला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, यात मला तिळभरही शंका नाही. पण तो जाऊन दोन पिढ्या उलटल्यावरही त्याची रेषा कुलपात ठेवणं म्हणजे पुढच्या तेझुकाच्या हातातलं हँडल काढून घेणं आहे.

१९९४ मध्ये डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला तेव्हा जपानमधल्या अनेक चित्रकारांनी माचिको सातोनाका यांच्या पुढाकाराने डिस्नेला पत्र लिहिलं. ‘जंगल तायतेई’तला सिंहाचा छावा, त्याचा मारला गेलेला राजा बाप, कड्यावर उभा सिंह, ही साम्यं त्यांना डोळ्यांआड करता येईनात. त्यांनी भरपाई मागितली नव्हती. मूळ कल्पनेची नोंद व्हावी एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेझुकाच्या कंपनीनेही खटला भरला नाही. डिस्नेच्या लोकांनी प्रभाव नाकारला. त्या चित्रकारांची बाजू मला रास्त वाटते. पण जो आपला सावकार नाकारतो त्याला दुसऱ्याकडे वसुलीला जाताना अवघड जातं. स्वतः तेझुकाने डिस्नेचं ऋण आयुष्यभर उघडपणे सांगितलं, म्हणूनच त्याच्या वतीने मागणाऱ्यांचा आवाज खणखणीत होता.

अर्थात त्याचाही हात एका ठिकाणी आखडला. १९४७ मध्ये ओसाकाच्या स्वस्त, लाल मुखपृष्ठांच्या बाजारात तेझुकाने काढलेलं ‘शिन ताकाराजिमा’ नावाचं पुस्तक आलं आणि लाखांनी खपलं. पहिल्याच पानांवर एक पोरगा मोटार भरधाव हाकत बंदराकडे निघतो. एका पिढीच्या चित्रकारांनी ती पानं पाहून आपलं आयुष्य ठरवलं. पुस्तकाची कथायोजना शिचिमा साकाईची. हा माणूस आधी कार्टूनपटांत काम केलेला, वयाने तेझुकाहून बराच मोठा. कॅमेऱ्यासारखी चाल त्या पानांत कुणाकडून आली, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. पुढे समग्र तेझुका निघाला तेव्हा तेझुकाने मूळ पुस्तक न छापता ते सगळं नव्याने काढलं. मूळ आवृत्ती जशीच्या तशी वाचकांना मिळाली ती २००९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

मंगाचं प्रदर्शन भरवणाऱ्यांनी गुंडाळीतले ससे-बेडूक काढून टाकावेत असं मी म्हणत नाही. ते राहू द्या. त्यांच्या शेजारच्या भिंतीवर १९२३ च्या ‘असाही ग्राफ’चं पान लावा, ज्यात मॅगीचं लाटणं हवेत आहे. त्याच्या पुढे पाथे-बेबीचं यंत्र ठेवा, काचेत न ठेवता, मुलांना हँडल फिरवता येईल असं. मग १९४५ चं ते पान. आणि ‘शिन ताकाराजिमा’च्या खालच्या पाटीवर साकाईचं नाव तेझुकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत.